गाडी उभी होती

"मॅडम, गाडी उभी होती ना? मग अपघात कसला?"

हवालदारांनी हे विचारलं तेव्हा माझा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता. कॉलरबोनवर पट्टी आणि सहा स्क्रू बसवून चार दिवस झाले होते आणि शिंक आली तर काय होईल या भीतीने मी श्वाससुद्धा जपून घेत होते. प्रश्न मात्र त्यांनी खवचटपणे विचारला नव्हता, त्यांना खरंच पडला होता. अपघात म्हणजे दोन चालत्या गोष्टींची टक्कर, हा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता. तोवर माझ्याही डोक्यात तोच असावा.

झालं असं. मी सहकारनगरला राहते आणि सदाशिव पेठेत एका सीएंच्या ऑफिसात हिशेब लिहिते. पाचेक किलोमीटरचं अंतर, सहा वर्षं सायकलने जाते. पर्वतीच्या पायथ्याने सारसबाग, तिथून टिळक रस्ता ओलांडून पेठेत. १७ डिसेंबर २०२४, मंगळवार, सकाळचे पावणेदहा. ऑफिसच्या अलीकडच्या एकेरी बोळात डावीकडे एक पांढरी गाडी उभी होती. तिच्या अंगाला लागून, म्हणजे फूट-दीड फुटावरून मी निघाले होते, कारण मागून एक स्कूटरवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. गाडीचं पुढचं दार उघडलं. काचेला लावलेल्या गणपतीच्या स्टिकरची कड सुटलेली होती, एवढं मला दिसलं. ब्रेक दाबल्याचं आठवत नाही. हँडलचं डावं टोक दारावर आपटलं आणि मी उजव्या खांद्यावर रस्त्यावर आले. 'टक्' असा आवाज झाला. मला वाटलं हेल्मेट फुटलं. ते तडकलं होतंच, पण आवाज त्याचा नव्हता.

दार उघडणारे गृहस्थ पन्नाशीचे, सभ्य. "ताई, तुम्ही एकदम कुठून आलात?" हे त्यांचं पहिलं वाक्य आणि "चला, आधी दवाखान्यात जाऊ," हे दुसरं. स्वतःच्याच गाडीतून त्यांनी मला नेलं, बाबांना फोन लावून दिला, एक्स-रे होईपर्यंत थांबले. जखमीला दवाखान्यात पोचवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे त्यांचं कामच होतं, हे मला नंतर कळलं. पण तेवढंही न करणारे कितीतरी असतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला आजही फारसं वाईट बोलवत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "पाच हजार देतो, मिटवून टाकू." ऑपरेशनचं बिल एक लाख बेचाळीस हजार झालं होतं. मेडिक्लेमचा हप्ता त्या वर्षी राहून गेला होता. लोकांचे हिशेब लिहिणारीच्या घरात असं होतं.

दवाखान्याने एमएलसी केली होती, म्हणजे अपघाताचा पेशंट म्हणून पोलिसांना कळवलं होतं. एक पोलीस येऊन चार ओळी लिहूनही गेले होते. मला वाटलं, झाली तक्रार. ती झालेली नसते. २३ तारखेला बाबांना घेऊन मी ठाण्यात गेले तेव्हा कळलं की गुन्हा असा दाखलच नाही. आणि मग तो प्रश्न आला.

"अर्ज देऊन जा, आम्ही त्यांना बोलावून समज देतो," हवालदार म्हणाले.

बाबा एकोणऐंशी वर्षांचे. जन्मभर शाळेत क्लार्क होते. कागद बघितला की त्यांच्या अंगात येतं. त्यांनी पिशवीतून एक्स-रे काढला आणि ट्यूबलाइटकडे धरला. "हाड मोडलंय. गंभीर दुखापत आहे ना ही?"

ती असते. हाड मोडणं किंवा निखळणं कायद्यात गंभीर दुखापतीतच मोडतं, पूर्वीच्या दंडसंहितेत होतं तसंच आत्ताच्या न्याय संहितेतही. हवालदार आत गेले, आतून एक फौजदार आल्या. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांनी तीन मिनिटांत सोडवलं. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ म्हणजे निष्काळजीपणे वाहन चालवणं. गाडी उभी असली तर तिथे वाद होईल, त्या म्हणाल्या. पण १२५ मध्ये 'वाहन' हा शब्दच नाही. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं कोणतंही कृत्य हयगयीने करणं, एवढंच आहे त्यात. दार उघडणं हे कृत्य आहे. गंभीर दुखापत झाली की १२५(ब). तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

"आणि मॅडम," जाता जाता त्या म्हणाल्या, "२८१ सायकलवाल्यालाही लागतं बरं का. मोटारच असायला पाहिजे असं नाही."

हे त्या का म्हणाल्या, ते मला त्या वेळी कळलं नाही.

मग फिर्याद टाइप व्हायला लागली. पोलिसांच्या भाषेचा एक ठरलेला साचा असतो आणि हवालदार त्यात अगदी सराईतपणे माझी हकिगत ओतत होते. छापून आलेला कागद मी वाचायला घेतला. 'सदर कारवरील चालकाने त्याचे ताब्यातील कार रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात चालवून...'

"साहेब, गाडी उभी होती."

"हो की." ते हसले. मीही हसले, आणि खांद्यातून कळ आली. 'भरधाव वेगात चालवून' खोडलं गेलं, 'अचानक दरवाजा उघडून' आलं. बाबांनी आणखी दोन ठिकाणी बोट ठेवलं. ते वाक्य तसंच राहिलं असतं तर पुढे कोर्टात कुणीही विचारलं असतं, बाई, उभी गाडी भरधाव कशी? फिर्याद वाचल्याशिवाय सही करू नये एवढं मला माहीत होतं, पण दुखत असताना माणूस सगळ्यावर सही करायला तयार असतो. मी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी घटनास्थळाचा पंचनामा. आदल्या संध्याकाळी बाबांनी जाऊन त्या बोळाचे, पाट्यांचे, दुकानांचे मोबाइलवर वीसेक फोटो काढून ठेवले होते. मला यायची गरज नाही म्हणाले, पण मी रिक्षाने गेलेच. बोळाच्या तोंडाशी एक इस्त्रीवाले काका बसतात. त्यांनी माझी सायकल आठवडाभर आपल्या टपरीमागे साखळी लावून ठेवली होती. ती आता मुद्देमाल म्हणून ठाण्यात जाणार होती. नव्या कायद्यात जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, म्हणून एक पोलीस मोबाइल धरून उभा, आणि हवालदार सायकलभोवती फिरत मोठ्याने सांगत होते, "निळ्या रंगाची लेडीज सायकल, पुढील चाक वाकलेले... घंटी?"

घंटी नव्हती. खड्ड्यात खडखडायची म्हणून मी दोन वर्षांपूर्वी काढून टाकली होती.

"घंटी नाही," हवालदार म्हणाले आणि पोलिसाने मोबाइल हँडलजवळ नेला. जिथे घंटीचा पट्टा असायचा तिथे रंगावर गोल पांढरं वण होतं. ते चित्रीकरणात आलं.

मग इस्त्रीवाल्या काकांचा जबाब. ते एकमेव साक्षीदार, त्यांनी सगळं नीट पाहिलेलं. "बाई सरळ येत होत्या. हळूच होत्या. दार उघडलं आणि पडल्या. त्यांची काही चूक नाही." मला हायसं वाटलं. हवालदार लिहून घेत होते. काका पुढे बोलत राहिले, सरळ माणसं बोलतात तशी, "त्या दिवशी बरोबरच होत्या. संध्याकाळी रोज उलट्या येतात, तेव्हा मी म्हणतो त्यांना, एक दिवस आपटाल. पण त्या दिवशी बरोबर होत्या."

हवालदारांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि तेही लिहून घेतलं.

खरं होतं ते. सकाळी बोळ माझ्या दिशेचा असतो, संध्याकाळी उलटा. नियमाने जायचं तर मोठा वळसा, सिग्नल, सहा-सात मिनिटं जास्त. सायकलला कोण अडवतंय, असं म्हणत सहा वर्षं मी त्या ऐंशी पावलांत रोज उलटी घुसत होते. समोरून येणारा स्कूटरवाला शिव्या घालत बाजूला झाला की मला त्याचाच राग यायचा. सायकल आहे बाबा, धूर नाही, आवाज नाही, तुला काय त्रास? सायकलवाल्यांच्या अंगात हा एक सोवळेपणा असतो. आपण पृथ्वी वाचवतोय, तेव्हा सिग्नल आपल्यासाठी नाहीत.

रात्री हे बाबांना सांगितलं तर ते हसत सुटले. त्यांच्या तरुणपणी पुणं म्हणजे सायकलींचं गाव. सायकलला बिल्ला लागायचा, रात्री दिवा लागायचा. दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडून द्यायचे, आणि मग डबलसीट बसलेल्या मित्रासकट घरापर्यंत हातात सायकल. "आम्ही पोलीस दिसला की उतरून चालायचो. तो गेला की परत टांग," ते म्हणाले. "सायकल म्हणजे गाडी आहे असं तेव्हा सरकारला वाटायचं. आता तुम्हालाच वाटत नाही."

सायकलला आज लायसन्स लागत नाही, नोंदणी नाही, विमा नाही, हेल्मेटचीही सक्ती नाही. पण ती कायद्याने वाहनच आहे. मोटार नाही एवढंच. रस्त्यावर तिचा हक्क आहे तो त्यामुळे, आणि एकेरी बोळ तिलाही एकेरी आहे तो त्याचमुळे. हे मला कळायला सहा स्क्रू लागले. सायकल ट्रॅकवर मोटारसायकली घुसतात तेव्हा आपण केवढे तावातावाने बोलतो. त्या बोळात शिरताना माझ्यात आणि त्यांच्यात नेमका काय फरक होता, ते मला तेव्हा धड सांगता आलं नसतं.

त्यानंतरचे काही आठवडे त्या जबाबाने माझी झोप उडवली. भरपाईचा दावा लावला की समोरच्या गाडीच्या विमा कंपनीचा वकील काय काय विचारेल याच्या उलटतपासण्या मी मनातल्या मनात घेत असे. 'घंटी नव्हती, खरे आहे का? आपण नेहमी विरुद्ध दिशेने येता, खरे आहे का?' मधल्या काळात कागद गोळा करणं चालू होतं. दुखापत प्रमाणपत्र, बिलं, सहा आठवड्यांच्या बिनपगारी रजेचा दाखला, समोरच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्याचा तपशील. यात सांगण्यासारखं काही नाही, खेटे आहेत. एकच सांगते, दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. २०२२ च्या एप्रिलपासून ती परत आलीय. बरं वाटलं की बघू म्हणणाऱ्यांचे सहा महिने कसे जातात ते मी आमच्या ऑफिसात रिटर्नच्या तारखांना बघतेच.

दरम्यान बाबांना एक शोध लागला. स्वतःच काढलेले फोटो ते मोबाइलवर बोटांनी मोठे करून करून बघत बसायचे. एके दुपारी हाक मारली, "ही पाटी वाच." पी-टू. त्या बोळात पार्किंग सम-विषम आहे, विषम तारखेला पी-वनच्या बाजूला, समला पी-टूच्या. १७ ही विषम तारीख. गाडी पी-टूला, म्हणजे त्या दिवशी तिथे उभीच असायला नको होती. सहा वर्षं त्या पाटीखालून गेले, पण कधी वाचली नाही. बाबांनी लगेच अर्ज लिहिला आणि माझा पुरवणी जबाब झाला. हवालदारांनी पाटी बघितली, कॅलेंडर बघितलं आणि म्हणाले, "आजोबा, तुम्ही आमच्याकडे पाहिजे होतात."

वकीलबाई मिळाल्या त्या मैत्रिणीच्या ओळखीने, शिवाजीनगरच्या कोर्टात मोटार अपघाताचेच दावे लढवणाऱ्या. मी त्यांना घंटी, उलटी दिशा, इस्त्रीवाले काका, पी-टू, सगळं धडाधड सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसे किती गेले तुमचे?"

बिल आणि बुडालेला पगार मिळून दोन लाखांच्या थोडं वर.

"मग १६४ खाली टाकू."

मोटार वाहन कायद्यात दोन वाटा आहेत. कलम १६६ मध्ये समोरच्याची चूक सिद्ध करायची, भरपाई नुकसानीप्रमाणे, आणि तिथे तुमचीही चूक मोजली जाते. १६४ मध्ये रक्कम ठरलेली, गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख. चूक कोणाची हे सिद्धच करावं लागत नाही. दोन्हींतून एकच निवडायची. ज्याला कायमचं अपंगत्व आलंय किंवा ज्याचा खर्च मोठा आहे त्याने १६४ च्या नादी लागू नये, बाई म्हणाल्या. पण माझ्या आकड्यांना ती बरोबर बसत होती.

"म्हणजे घंटीचं कोणी विचारणार नाही?"

"नाही. विचारतील ते वेगळंच."

आणि तेच विचारलं. कंपनीच्या लेखी म्हणण्यातला पहिलाच मुद्दा, गाडी उभी होती. अपघात मोटारीच्या वापरातून घडलेला हवा, उभ्या गाडीचा वापर होत नसतो. सात महिन्यांनी, इंग्रजीत, शिक्क्यासह, पण हवालदारांचाच प्रश्न.

यावर वकीलबाईंनी जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही. १९८७ साली पुणे-बंगळूर महामार्गावर एक पेट्रोलचा टँकर ट्रकशी धडकून रस्त्याच्या कडेला उलटला. पेट्रोल गळत राहिलं. काही तासांनी स्फोट झाला आणि जवळ जमलेली माणसं जळून गेली. त्यातल्या एका मुलाच्या आईने दावा लावला. तिलाही हेच ऐकवलं गेलं, टँकर तेव्हा चालत नव्हता, बंद पडलेला होता, मग वापर कसला? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९१ साली निकाल लागला, वापर या शब्दाचा अर्थ व्यापक आहे, वाहन थांबलेलं असलं, मोडून पडलेलं असलं तरी वापर संपत नाही. त्या निकालावर देशभरचे दावे उभे आहेत आणि तो आपल्या बाजूच्या एका बाईने लढून मिळवलाय. माझं मोडलेलं हाड त्या दुःखापुढे काहीच नव्हतं, पण तिच्या आधाराने ते तरून गेलं. बाईंनी सोबत २०१७ चे वाहनचालनाचे विनियमही जोडले. पादचारी, सायकलस्वार, मुलं, म्हातारी माणसं यांची वाहनचालकाने विशेष काळजी घ्यावी, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. लायसन्स काढताना मलाही हे कोणी सांगितलं नव्हतं.

सप्टेंबर २०२५ च्या लोकअदालतीत दोन लाख तीस हजारांवर मिटलं. वीस हजार का सोडले म्हणून बाबा दोन दिवस धुसफुसत होते. तारखांना रजा टाकायच्या तर तेवढे तसेही गेलेच असते. मी ज्याला घाबरून रात्री जागवल्या तो जबाब त्या टेबलावर कोणी उघडूनसुद्धा पाहिला नाही.

फौजदारी खटला मात्र वेगळा चालतो. तो अजून उभा आहे आणि त्यात काकांचा जबाब आहे.

ते गृहस्थ लोकअदालतीला आले होते. बाहेर भेटले, चहा पाजला. म्हणाले, आता दार डाव्या हाताने उघडतो. मला समजलं नाही, तर त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून करून दाखवलं. उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडायला गेलं की अंग आपोआप वळतं, मान मागे जाते आणि मागून येणारी सायकल दिसते. त्यांच्या मुलीने इंटरनेटवर बघून शिकवलं. बायकोलाही लावली सवय, म्हणाले, पण ती डावीकडे बसते, तिला उजवा हात. सगळं चुकलेलं आठवत असलं तरी चहा चांगला होता.

सायकल सुपूर्दनाम्यावर परत मिळाली. पुढचं चाक बदललं, घंटी लावली. जुन्या पद्धतीची, पितळी वाटीची, बाबांच्या आग्रहाने. उभ्या गाड्यांपासून हात लांब केला तरी लागणार नाही इतकं अंतर ठेवते. मागचे हॉर्न मारतात, मारू देत.

संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी उतरून आता फुटपाथवरून सायकल हातात धरून जाते. ऐंशी पावलं, मोजली आहेत. पहिल्या दिवशी काकांनी इस्त्री उभी ठेवून बघितलं. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलतील. ते म्हणाले, "मॅडम, कोर्टाचा कागद आलाय. पंधरा तारखेला साक्षीला बोलावलंय. लग्नसराई आहे हो, दिवसभर टपरी बंद ठेवायची म्हणजे... तुम्ही जरा वकिलांना विचाराल का, सकाळी लवकर घेतील का मला?"

मी विचारलं. लवकर घेत नाहीत. त्या दिवशी टपरीवर मी आणि बाबा बसणार आहोत. कपडे फक्त घेऊन ठेवायचे, इस्त्री करायची नाही, असं काकांनी बजावून सांगितलंय.